बारशाच्या दिवशी आलेली वर्डची फाइल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळीच एक निवृत्त गुरुजी पेन ड्राइव्ह घेऊन आले. संध्याकाळी नातीचं बारसं. त्यांच्या आईनं सांगितलेले पाळणे आणि ओव्या त्यांनी २००५ साली टाइप करून घेतल्या होत्या. हातानं लिहिलेली वही आता राहिलेली नाही. बायकांना मोबाइलवर बघून म्हणता यावं म्हणून त्या फाइलीचे फोटो हवे होते. मुलानं एका फुकटच्या वेबसाइटवरून ते काढलेही होते, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला.

"भाऊ, गेल्या का हो आईच्या ओव्या?"

मी फोटो मोठा करून पाहिला. सी, के, मोठा जी, पुन्हा के. हीच चार अक्षरं ओळीओळीला येत होती. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये हात बसलेल्या माणसाला हे वाचता येतं : सी म्हणजे ब, के म्हणजे काना, मोठा जी म्हणजे ळ. 'बाळा'! ओव्या जागच्या जागी होत्या. कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवतो. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही, तिथं खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, आणि फोटोही त्यांचाच निघतो.

माझ्या संगणकावर फाइल उघडताच सगळं नीट दिसलं. गुरुजी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

पण ए-४ पानाचा फोटो मोबाइलवर वाचायचा म्हणजे बोटांनी सारखा ताणायचा. पाळण्याची दोरी हातात असताना ते कोण करणार? म्हणून पानाचं मापच बदललं : रुंदी १०.८ सेंटिमीटर, उंची १९.२, अक्षर मोठं, एका पानावर मावतील तेवढ्याच ओव्या. कडवं मध्येच तुटू दिलं नाही. यात बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. मग वर्डमधून पीडीएफ केली, तिच्या माहितीत फॉन्ट आत बसलाय याची खात्री केली आणि २५४ डीपीआयला, म्हणजे इंचाला २५४ ठिपके धरून, चित्रं काढली. बरोबर १०८० बाय १९२० पिक्सेल. चित्रांच्या फाइलींच्या प्रकारांपैकी जेपीजी टाळून पीएनजी घेतली, कारण आकार कमी करायला जास्त दाबलेल्या जेपीजीत अनुस्वार आणि रफाराभोवती धुरकट ठिपके उठतात. व्हॉट्सॲपवरही फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

तरी एवढ्यावर सोडणं मला पटेना. चित्रात ओवी दिसते, पण शोधता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. म्हणून मजकुराची युनिकोड प्रतही केली, म्हणजे कुठल्याही यंत्रात मराठी मराठीच दिसेल अशी. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे कन्व्हर्टरमधून निघालेली प्रत ओळ न् ओळ तपासावी लागते. जुन्या फाइली घरात ठेवलेल्या प्रत्येकानं हे काम आताच करून घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

दुपारी गुरुजींचा फोन आला. आजींना, म्हणजे त्यांच्या आईला, चित्रं वाचून दाखवली तेव्हा एका पाळण्यात मधली ओळच नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. २००५ पासूनच ती सुटलेली होती. आजींनी फोनवर ती म्हणून दाखवली, मी टाइप केली आणि तेवढं पान नव्यानं काढून पाठवलं.