रताळी दाबलं की ट्रॅक्टर: मोबाइल साइटवर जाहिराती लावण्याचा माझा अनुभव

चौतीस दिवस. एवढे दिवस माझ्या साइटवर जाहिरातीच्या जागी बहुतेक वेळा नुसते पांढरे चौकोन होते. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीच्या मेलमध्ये कारण म्हणून दोनच शब्द होते, 'अवैध ट्रॅफिक', म्हणजे खरे नसलेले क्लिक. जणू मीच रात्री जागून माझ्या जाहिरातींवर क्लिक करत बसलो होतो. विचारायला फोन नंबर नाही, माणूस नाही. मदतीच्या पानावर एवढंच, की जाहिरातींवर घातलेली मर्यादा आपोआप उठेल, वाट पाहा.

मी बेळगावात अनगोळला राहतो. मार्केट यार्डातले बटाटा, रताळी, कोबी, मिरचीचे रोजचे दर मराठीत देणारी छोटी साइट चालवतो. वाचक खानापूर, उचगाव, कडोली आणि हद्दीपलीकडच्या चंदगडचे. शंभरातले पंच्याण्णव मोबाइलवरच येतात. होस्टिंगचा खर्च तरी निघावा म्हणून जाहिराती घ्यायचं ठरवलं. अर्ज, मंजुरी, 'ॲड्स डॉट टीएक्सटी' फाइल (साइटवर जाहिराती विकायची परवानगी कोणाला, ते सांगणारी), सगळं बिनबोभाट झालं. घोळ झाला तो त्यानंतर, जाहिरात ठेवायची कुठे आणि केवढी, यात.

मी जे केलं ते कोणीही करेल. शीर्षकाखाली पहिली जाहिरात, 'रिस्पॉन्सिव्ह' प्रकारची, म्हणजे माप तिनं स्वतःच ठरवायचं. तिच्याखाली पिकांची बटणं, मग दरांचा तक्ता, तक्त्याखाली आणखी एक जाहिरात आणि स्क्रीनच्या तळाला चिकटलेला पट्टा. भाच्यानं पहिल्या जाहिरातीवर बाण काढून 'इथे पाहा' लिहिलं होतं, ते मात्र मी वेळेत काढलं. जाहिरातीकडे असं बोट दाखवणं नियमात बसत नाही.

पहिल्या आठवड्यात क्लिकचं प्रमाण नऊ टक्के. साधारण साइटला एखाद-दोन टक्के मिळाले तरी लोक खूश असतात. मला वाटलं, शेतकरी माझ्या जाहिराती आवडीनं बघतायत. दोन मित्रांना चहा पाजला. मेल आली ती दहाव्या दिवशी.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. कोणी स्पर्धक मुद्दाम क्लिक करतोय का, परदेशातून बॉट, म्हणजे आपोआप क्लिक करणारे प्रोग्रॅम येतायत का, म्हणून सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी चाळल्या. काही सापडलं नाही. माझ्या फोनवर पान झकास उघडत होतं, कारण घरी फायबर आहे. लॅपटॉपवर तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन चालू होतं, हे लिहिताना आता लाज वाटते. ज्याची साइट, त्यालाच जाहिरात दिसत नव्हती.

मग रविवारी जांबोटीला मामांकडे जेवायला गेलो. मामा रताळी लावतात, त्यामुळे माझे नियमित वाचक. मी सहज म्हटलं, "मामा, दर बघता का रोज?"

"बघतोय की. पण रताळी दाबलं की ट्रॅक्टर येऊलाय."

मला कळेना. मामांनी फोन काढला. तीन-चार वर्षं जुना, काचेला कोपऱ्यात तडा, नेटवर्कची एकच काडी. पान उघडलं. शीर्षक आलं, लगेच खाली बटणं: बटाटा, रताळी, कोबी. जाहिरातीची जागा शून्य, कारण जाहिरात अजून यायचीच होती. मामांचा अंगठा खडबडीत आणि सावकाश. तो 'रताळी'वर टेकणार, एवढ्यात वरून जाहिरात येऊन बसली, बटणं धाडकन खाली सरकली आणि अंगठा पडला ट्रॅक्टरवर. कन्नडमधली ट्रॅक्टरची जाहिरात उघडली. मामांनी शांतपणे मागे जायचं बटण दाबलं. परत तेच. तिसऱ्या वेळी दर दिसला. "सवय झालीय आता," म्हणाले. मामा चिकाटीचे.

माझे नऊ टक्के म्हणजे हे असे अंगठे. यात मामांची काही चूक नाही, आणि खरं सांगायचं तर त्या कंपनीचा संशयही अगदी चुकीचा नव्हता. राग याचाच येतो, की 'तुमचं पान उड्या मारतंय' एवढं एक वाक्य त्यांनी लिहिलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

या उड्यांना मोजमाप आहे, त्याला सीएलएस (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट) म्हणतात. 0.1 पर्यंत असेल तर ठीक, 0.25 च्या वर गेला तर वाईट. माझा 0.38 होता. घरी येऊन क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये स्क्रीनची रुंदी मोबाइलसारखी 360 पिक्सेल केली, नेटवर्क मुद्दाम संथ केलं, तर जांबोटीची उडी अनगोळात दिसली. जाहिराती सुरू करण्याआधी हे दहा मिनिटांत करता आलं असतं. एक्स्टेन्शन बंद करून, अर्थातच.

उपाय सोपा निघाला. जाहिरातीच्या डब्याला आधीच उंची देऊन ठेवायची, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची. 'जाहिरात' ही वरची ओळ धरून मी 280 पिक्सेल दिली. जाहिरात उशिरा येवो, न येवो, बाकीचं पान जागचं हलत नाही. रिकामी राहिली तर डबा मिटवून टाकायचा मोह होतो. तो आवरा, कारण मिटतानाही पान सरकतंच.

तरी एक फजिती राहिली होती. मोठी जाहिरात जास्त पैसे, असं वाचून 336x280 (रुंदी आणि उंची, पिक्सेलमध्ये) लावली. 360 च्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना 16-16 चा समास सोडला की उरतात 328. आठ पिक्सेल बाहेर. तेवढ्यानं अख्खं पान आडवं हलायला लागलं आणि तक्त्यातला दराचा शेवटचा आकडा कापला गेला. मुकाट्यानं 300x250 वर आलो. मोबाइलवर हेच माप सगळ्यात बिनत्रासाचं, आणि या मापात जाहिरातदारही भरपूर मिळतात.

जागेचं म्हणाल तर बटणांच्या वर आता काहीच नाही. 300x250 दरांच्या तक्त्याखाली, म्हणजे वाचकाचं काम झाल्यावर. तळाला 320x50 चा पट्टा, बंद करायच्या फुलीसकट. पट्टा लावणार असाल तर पानाच्या शेवटी तेवढी मोकळी जागा सोडा, नाहीतर शेवटची ओळ त्याच्याखाली जाते. माझ्याकडे ती मिरचीची होती आणि संकेश्वरहून तक्रार आली.

कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या जाहिरात आणि तंत्रज्ञान कंपन्यांच्या गटाचा निकष असा, की मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मजकुराच्या उंचीच्या 30 टक्क्यांवर जाऊ नये. एका पिकाचं माझं पान साधारण 1600 पिक्सेल लांब. दोन 300x250 म्हणजे 500, तिथेच 31 टक्के झाले. एक आणि पट्टा धरून 300, म्हणजे 19 टक्क्यांच्या आत. दुसरी जाहिरात काढली तेव्हा जिवावर आलं होतं, पण हिशोब समोरच होता.

आणखी एक. दुरुस्ती केली की दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन, उघडून बसू नका. तिथला सीएलएसचा आकडा गेल्या 28 दिवसांच्या वाचकांवरून काढलेला असतो, तो मुंगीच्या पावलानं उतरतो. मी सकाळ-संध्याकाळ बघत होतो, घरात बोलणी खाल्ली.

चौतिसाव्या दिवशी मेल न येताच जाहिराती परत पूर्वीसारख्या दिसायला लागल्या. चंदगडच्या वाचकाला मराठीत, मामांना कन्नडमध्ये, पुन्हा ट्रॅक्टरच. पण आता रताळी दाबलं की रताळी येतात. क्लिक दीड टक्क्यावर आलेत, होस्टिंगचा खर्च जेमतेम निघतो. त्या नऊ टक्क्यांच्या आठवड्याची कमाई कंपनीनं कापून घेतली. चहाचे पैसे तेवढे माझ्या खिशातून गेले.