तिसऱ्या खर्ड्याची नोंद : सारसाचे घरटे आणि धानाची कापणी

सारसाच्या घरट्याची राखण करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीवरील माझ्या कादंबरीचा तिसरा खर्डा या महिन्यात बराच पुढे सरकला असून, सोळांपैकी अकरा प्रकरणे पुन्हा लिहून झाली आहेत. कथानक गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात घडते. महाराष्ट्रातील सारस आता प्रामुख्याने गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतच उरले असल्यामुळे दुसऱ्या स्थळाचा विचार मी कधी केलाच नाही.

सर्वांत मोठा बदल काळरचनेत झाला. पहिल्या दोन्ही खर्ड्यांत अंडी फुटतात तेथेच मी कळस साधला होता आणि नायिकेचे जाणते होणेही तेथेच उरकले होते. मात्र वहीच्या एका बाजूला धानाच्या रोवणीपासून, म्हणजे लावणीपासून, कापणीपर्यंतचा हंगाम आणि दुसऱ्या बाजूला सारसाचे दिवस मांडल्यावर ती रचना टिकेना. अंडी उबण्यास साधारण एक महिना लागतो आणि पिल्लू उडू लागण्यास त्यापुढे सुमारे तीन महिने. म्हणजे ऑगस्टअखेरीस जन्मलेले पिल्लू नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत जमिनीवरच वावरते, आणि हलके, म्हणजे लवकर पिकणारे, धान तर दिवाळीच्या सुमारासच विळ्याखाली येते. ज्या उभ्या पिकाने त्याला लपविले, तेच पीक तिच्या घरच्यांना कापायचे आहे. हा पेच मला नुसत्या कल्पनेने कधीच सुचला नसता. कळस आता कापणीच्या सकाळी येतो, तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कापलेल्या धानाचे कडपे पडत जातात आणि लपण्याची जागा वीत-वीत कमी होत जाते.

यामुळे वडिलांचे पात्रही बदलले. आधी ते अंडी फेकू पाहणारे, सरळसरळ खलनायक होते, आणि तो मी त्यांच्यावर केलेला अन्याय होता असे मला आता मनापासून वाटते. गवत व पाणवनस्पतींचा तो भलामोठा ढीग भर बांधीत उभा राहिला की तेवढे धान जातेच, आणि थोडक्या जमिनीच्या शेतकऱ्याला ते सोसावे लागते. चौथ्या प्रकरणात ते पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी हातात घेऊन घरट्यापासून काही पावलांवर थांबतात, नर मान ताठ करून त्यांच्याकडे पाहतो, मादी चोचीने अंडे हलकेच फिरवते, आणि ते एवढेच म्हणतात, "तेवढी जागा राहू दे बाई, समोरून लाव." निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद पूर्व विदर्भातील झाडीबोलीत ठेवण्याचा निर्णय याच वाक्याने पक्का झाला.

जोडीतील एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडतो, हा लोकसमज प्रतीक म्हणून वापरण्याचा मोह मोठा होता. सारसाची जोडी दीर्घकाळ टिकते हे खरे, परंतु विरहमरणाचा दाखला निवेदकाच्या तोंडी घालणे मला योग्य वाटले नाही. तो आता फक्त आजीच्या बोलण्यात येतो, आणि नायिका तो ऐकून घेते.

बाराव्या प्रकरणात विजेच्या तारेला धडकून एक मोठा सारस मरतो. तो प्रसंग मी तिच्या डोळ्यांसमोर घडवावा की सकाळी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर तिला केवळ पिसे दिसावीत, यावर दोन पाठ लिहून ठेवले आहेत. पिसांचा पाठ सध्या पुढे आहे.