पट्टा का नाही दिलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे आजपर्यंत झाडावर चढून फांद्या तोडणाऱ्या काकांवरची माझी फिल्म संपल्यावर हात वर करून विचारणारे सगळेच, की अहो त्या काकांना निदान सेफ्टी बेल्ट तरी घेऊन द्यायचात.

दिला होता. दापोलीला जाताना मुंबईहून नेला होता, पावती आहे अजून. काकांनी एक दिवस लावला, दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात खुंटीवर. मला रागच आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी सांगितलं की शेंडा उतरवताना खोड उभं चिरलं तर बांधलेला माणूस त्यालाच आवळला जातो, आणि गांधीलमाश्या उठल्या तर पट्टा सोडत कोण बसणार. शिवाय काम उक्तं, दर फांदीला सोडा-लावा केलं तर दिवस त्यातच जातो. ‘अमेरिकेत बघा’ म्हणणाऱ्यांनो, बघितलंय. तिथे पोटरीला लोखंडी आकडे, कमरेला आत तार असलेला दोर, आणि तरी तिथल्या सरकारी आकडेवारीत लाकूडतोड वर्षानुवर्षं सगळ्यात जीवघेण्या कामांत असते. म्हणून बेल्ट नको असं नाही हं. हवाच. पण त्या दिवशी बेल्ट असता तरी काकांची बोटं गेलीच असती.

रायवळ आंबा होता, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कलंडून एका घराच्या कौलांवर झुकलेला. काका पस्तीसेक फुटांवर. फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली आणलेला, आणि खाली त्यांचा भाचा तोच दोर शेजारच्या फणसाला दोन वेढे देऊन धरून उभा. आधी फांदीला खालून खाच, नाहीतर तुटताना ती खोडाची साल सोलत जाते, मग वरून कुऱ्हाड. ढलप्या माझ्या केसांत पडत होत्या, काय सुंदर फ्रेम होती, आणि मी ओरडले, “काका, एक मिनिट थांबा, फोकस गेलाय!”

ते थांबले. मी सांगितलं म्हणून. कुऱ्हाड खाली घेतली, डावा हात खोडाला टेकवला. फांदी आपणहून करकरली, दोरावर झोका घेऊन परत आली ती त्या हातावर. आवाज मोठा नव्हता, ओला नारळ आपटावा तसा. एका हाताने उतरले ते. बुंध्याशी बसून आधी मला विचारलं, “गावला का तुझा फोटो?” दोन बोटं गेली. नंतर दवाखान्यात म्हणाले, “फांदी अर्ध्यावर आली की थांबायचं नसतं, बाय. मीच थांबलो.”

फिल्ममध्ये तो शॉट माझ्या आवाजाच्या दोन सेकंद आधी कट होतो. एडिटला बसलेली मी म्हणायची, गोष्ट त्यांची आहे, तुझी नाही, तू कशाला मध्ये. आता वाटतं फारच सोयीचं होतं ते. पण ठेवला असता तर १४ मिनिटांची फिल्म बघून सगळे माझ्याच अपराधाबद्दल बोलले असते आणि काका परत बाजूला. काकांना विचारलं होतं, ते म्हणाले तुला बरं वाटेल ते कर, आणि मला काय बरं वाटत होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढच्या वेळी कोणीतरी परत बेल्टचं विचारेल. मी परत पावतीचं सांगेन बहुतेक.