मेट्रो आली, आता फुटपाथ हवा

आज आईला घेऊन पुण्यात कोथरूडहून मेट्रोने डेक्कनला जाऊन आले. मेट्रोचा प्रवास तिला फार आवडला. गारेगार डबा, बसायला जागा, लिफ्ट चालू. तिची दमछाक झाली ती घरापासून स्टेशनपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरात! फुटपाथ इतका उंच की गुडघेदुखीच्या माणसाने चढायचं कसं? चढलो तर मधोमध विजेची डीपी (वितरण पेटी), पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग आडव्या लावलेल्या दुचाक्या. शेवटी माझा दंड धरून ती रस्त्यावरूनच चालली आणि मागून हॉर्न.

उलट डेक्कनजवळच्या जंगली महाराज रस्त्यावर तिने स्वतःहून माझा हात सोडला. रुंद, सपाट पदपथ, सावली, बसायला बाकं. दुकानं बघत, थांबत, मजेत चालली. म्हणजे हे आपल्याच शहरात जमतं.

मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत आता ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो. माणसं स्टेशनजवळ राहावीत हा विचार मला मनापासून पटतो. पण टॉवरआधी पदपथ रुंद करा ना! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार किमान १.८ मीटर मोकळी जागा चालायला हवी. पुण्याने पादचारी धोरण २०१६ मध्येच स्वीकारलंय.

आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना घेऊन रविवारी सकाळी स्टेशनपर्यंतचा रस्ता टेपने मोजायचा ठरवलंय. फोटो काढून वॉर्ड ऑफिसला अर्ज देणार. कोथरूडकरांनो, कोण कोण येताय?