रॉकेटच्या पायाखालचं पाणी
सुट्टीचा अख्खा दिवस आज रॉकेटचं उड्डाण सोडून त्याच्या पायाचे फोटो बघण्यात गेला. टेक्सासच्या बोका चिकाला, म्हणजे स्पेसएक्सच्या रॉकेट-तळावर, थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून 2015 मध्ये मातीचे ढिगारे रचून खालची भुसभुशीत जमीन आधी दाबून घेतली. तरी एप्रिल 2023 मध्ये स्टारशिप या त्यांच्या अवाढव्य रॉकेटने पॅडखालचं (उड्डाणाच्या चौथऱ्याखालचं) काँक्रीट उखडून खड्डा पाडलाच!

फ्लोरिडात नासाच्या केनेडी स्पेस सेंटरला रॉकेटच्या ज्वाळा बाजूला वळवणारा चर पाण्यामुळे खाली नेता येईना, तर पॅडच टेकाडावर चढवला. रॉकेट जोडायच्या इमारतीखाली 4,225 पोलादी पाइल (जमिनीत ठोकलेले खांब), थेट खडकापर्यंत, सुमारे 49 मीटर. खाऱ्या पाण्यात पोलाद म्हणजे आयती बॅटरी, त्यामुळे प्रत्येक पाइलला तांब्याची तार जोडून अर्थिंग केलंय. इंजिनांचं कौतुक चालू द्या, मला हे जास्त भारी वाटतं.