बंगळूरला आयटी सोडून आहे तरी काय?

दिवाळीत कोल्हापूरला गेलो की कुणीतरी पाहुणा हा प्रश्न काढतोच. यंदा तुम्ही विचारलंत: "पोरानं मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, कॉम्प्युटरमध्ये त्याचं मन नाही. त्याला बंगळूरला धाडून उपयोग काय? तिथं आयटी सोडून आहे तरी काय?" तेवढ्यात पानं वाढली आणि बोलणं राहून गेलं. म्हणून आता निवांत लिहितो.

गेली २२ वर्षं मी बंगळूरच्या कारखान्यांना लेथचे इन्सर्ट (लोखंड कापायची छोटी पाती) आणि ड्रिल विकतो. माझा दिवस जातो पीनियात. शहराच्या वायव्येला, तुमकूर रस्त्याला लागून पसरलेली ही औद्योगिक वसाहत आशियातल्या मोठ्या वसाहतींत मोजली जाते. गल्लीत शिरलं की कूलंटचा आंबूस वास येतो आणि पत्र्याच्या शेडमागं शेड लागते. एकात टर्निंग, शेजारी ग्राइंडिंग, समोर हीट ट्रीटमेंट. एक जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पूर्ण होईपर्यंत हातगाडीवरून चार दारं फिरतो.

तिथल्या एका शेडचे मालक सत्तरीचे आहेत. तरुणपणी एचएमटी या सरकारी यंत्र कारखान्यात अप्रेंटिस होते. परवा त्यांच्याकडं विमानाच्या भागाची एक लॉट तपासणीला होती. त्यांनी प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, सुती चिंध्यांनी पुसला, बोअरच्या (भोकाच्या) तोंडाशी सरळ धरला आणि नुसता सोडून दिला. आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत गेज आपल्या वजनानं खाली उतरला. मग उलटी बाजू लावली, ती तोंडाशीच अडली. "गो गेला, नो-गो थांबला, झालं काम," म्हणाले. गो बाजू आत जायला हवी, नो-गो जायला नको, म्हणजे भोक मापात. शेजारी उभ्या पोराला दाबू मात्र दिलं नाही. गेज दाबून घातला तर तो माप सांगत नाही, खोटं बोलतो, असं ते प्रत्येक नव्या मुलाला शिकवतात.

हे हात आले कुठून, हे कळल्याशिवाय बंगळूर कळत नाही. १९०२ साली म्हैसूर संस्थानानं कावेरीवर शिवनसमुद्रला वीज केंद्र उभं केलं, ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. तीच वीज १९०५ साली बंगळूरला आली. १९०९ मध्ये टाटांच्या देणगीतून आणि संस्थानानं दिलेल्या जमिनीवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली. वीज होती, शिकलेली माणसं होती, आणि समुद्रापासून दूर असल्यानं युद्धकाळात शहर सुरक्षितही होतं. म्हणून डिसेंबर १९४० मध्ये आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन विमानाचा कारखाना काढला, तो बंगळूरला. आजची एचएएल ती हीच. मिरवायचंच असेल तर मराठी माणसानं हे मिरवावं, असं मला मनापासून वाटतं.

स्वातंत्र्यानंतर रांगच लागली. १९४८ साली टेलिफोन बनवणारी आयटीआय, १९५३ मध्ये मशीन टूल्सची एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. माझ्या वडिलांच्या मनगटावरचं 'जनता' घड्याळही एचएमटीचंच. सकाळी चहाआधी ते त्याला चावी द्यायचे. एचएमटीचं घड्याळांचं काम बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पण या कारखान्यांनी घडवलेली माणसं निवृत्त होऊन, काही मधेच बाहेर पडून, पीनियात शेड टाकून बसली. कंपनी गेली, हातातली कला राहिली.

आता आयटीचं. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली, कारण तिला मायकोचं काम मिळालं होतं. मायको म्हणजे स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनाचे पंप बनवणारा कारखाना, आत्ताची बॉश. म्हणजे सॉफ्टवेअरला इथं घेऊन आलं ते लोखंडच! १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, त्यानंतरचं तुम्ही पेपरात वाचलेलंच आहे. आणि आपला पहिला उपग्रह आर्यभट, जो १९७५ मध्ये अवकाशात गेला, तो याच पीनियातल्या शेडमध्ये जोडला होता. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी ते आठवतं.

आणखी एक उद्योग आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. संध्याकाळी कपड्यांच्या कारखान्यांची सुट्टी झाली की रस्ता बायकांनी भरून जातो. हातात डबा, चालण्यात घाई, कारण घरी जाऊन चूल पेटवायची असते. परदेशातल्या दुकानांत टांगलेले शर्ट या शिवतात. एप्रिल २०१६ मध्ये पीएफचे पैसे काढण्यावर नवी बंधनं आली, तेव्हा याच बायका होसूर रोडवर उतरल्या. पाठीशी मोठी युनियन नव्हती. हजारोंनी रस्ता अडवला आणि सरकारला तो नियम मागं घ्यावा लागला. बंगळूरच्या अर्थव्यवस्थेवर कितीही परिसंवाद झाले तरी या बायकांना तिथं खुर्ची नसते, याचा मला राग येतो.

पीनियात सगळं गोड आहे असं मात्र सांगणार नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, खोलीचं भाडं त्यातलं बरंच खातं. मोठे गिऱ्हाईक बिलं तीन-तीन महिने अडकवतात, मग छोट्या शेडमध्ये पगाराची तारीख पुढं जाते. माझेही पैसे असे अडकलेत. पण मायक्रोमीटर नीट धरणाऱ्या, ड्रॉइंग वाचणाऱ्या पोराला मी रिकामं बसलेलं पाहिलेलं नाही. सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन जुळवून देणारा माणूस, हवाय म्हणून आठवड्याला दोन फोन मलाच येतात.

तेव्हा पाठवा त्याला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आला तर सकाळी उतरेल. मेट्रोनं पीनिया इंडस्ट्री स्टेशनला यायला सांगा, मी जिन्याखाली उभा असेन. बूट चांगले जाड तळाचे द्या, बर्र, म्हणजे कापलेल्या धातूची धारदार कड, तळव्यात घुसते. त्याच दिवशी त्याला त्या सत्तरीच्या मालकांच्या शेडमध्ये नेतो. ते हातात गेज देतील, आणि दाबायचा नाही म्हणून सांगतील.