वाकडे निघालेले स्क्रू

एप्रिल-मे हे आमच्या धंद्यात फाटलेल्या लाकडाचे महिने. मी पुण्यात घरच्याच पार्किंगमध्ये छोटी कार्यशाळा चालवते आणि जुन्या फर्निचरची दुरुस्ती करते. पावसाळ्यात फोन येतात ते ड्रॉवर अडकल्याचे, दार चौकटीत बसत नसल्याचे. उन्हाळ्यात येतात ते भेगांचे. त्यातला हा एक फोन लक्षात राहिला.

"ताई, रात्री गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. आम्हाला वाटलं गॅलरीची काच गेली. सकाळी बघतो तर जेवणाचं टेबल फाटलेलं."

कोथरूडमधलं घर. टेबल सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सव्वा इंच जाड सागवानी फळ्यांचं. देवरुखजवळच्या त्यांच्या वाडीतला साग वादळात पडला होता. परवानगी, वाहतुकीचा पास असे सगळे सोपस्कार करून काकांनी फळ्या पाडून घेतल्या आणि गावच्या सुतारानं गणपतीच्या आधी ऐन पावसात टेबल बनवून दिलं. दिवाळीनंतर ते टेम्पोतून पुण्यात आलं. चारपाच महिने छान होतं. आता एका टोकाकडून जवळजवळ मध्यापर्यंत भेग गेली होती, टोकाशी रुंद आणि आत निमुळती.

मी गेले तेव्हा काकूंनी आधी माझ्या मागे बघितलं. "सुतार नंतर येणार का?" हे मला नवीन नाही. मी टेबलाखाली शिरले.

काका-काकूंच्या मुलाचं म्हणणं सरळ होतं. बाजारात लाकडी पुट्टी मिळते, ती भरायची, वरून पॉलिश मारायचं, संपलं. काका गावच्या सुतारावर चिडले होते, ओलं लाकूड गळ्यात मारलं म्हणून. मी दोघांनाही थांबवलं. भेगेत पुट्टी भरणं हा सगळ्यात वाईट उपाय, हे माझं ठाम मत आहे. जून लागला की फळ्या फुगतात, भेग मिटायला बघते आणि मध्ये दगडासारखी पुट्टी बसलेली असते. मग लाकूड शेजारी दुसरीकडे फाटतं. भेग कशानं पडली ते कळेपर्यंत तिच्यात काहीही घालायचं नाही.

भेग मोजायला मी ड्रिलचे बिट वापरते, फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) गरज पडत नाही. ६ मिमीचा बिट टोकाशी आरामात आत गेला. म्हणजे दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वरच्या फळ्यांना ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या तर ९ टक्क्यांच्या आसपास. कोकणात भर पावसाळ्यात उघड्या पडवीत ठेवलेलं लाकूड १७-१८ टक्क्यांवर सहज जातं, कितीही जुनं असो. सुतारानं कापलेलं लाकूड ओलं नव्हतं, ते त्या हवेतलं होतं. त्यामुळे त्याच्यावरचा राग मला पटेना.

काकांच्या वहीवर तिथेच हिशोब मांडला. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. झाडाची वर्तुळं फळीच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, आडवी, कमानीसारखी दिसत असतील तर जास्त, उभी दिसत असतील तर साधारण निम्मं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत ते वर्तुळांच्या कडेकडेनं सुमारे ५.८ टक्के आक्रसतं आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के.  ओलावा एक टक्का उतरला की कमानीच्या फळीची रुंदी ०.२ टक्क्यांच्या जरा आत घटते. तीन फूट म्हणजे ९१५ मिमी, ओलावा उतरला आठ टक्के. गुणाकार १३ मिमीवर येतो. अर्धा इंच, चार सूत. इतकं टेबल आत यायला बघत होतं.

"मग येऊ द्यायचं की," काका म्हणाले.

तेच तर कुणी दिलं नव्हतं. खाली तीन आडव्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीला या कडेपासून त्या कडेपर्यंत सात-सात स्क्रू, सगळे गच्च आवळलेले. पट्टीची लांबी टेबलाच्या रुंदीला धरून आणि लांबीत लाकूड हलत नाही, म्हणजे पट्टी होती तेवढीच राहिली आणि वरच्या फळ्या तिच्यावर ताणल्या गेल्या. ताण सोसेना तेव्हा सगळ्यात कमजोर जागी, फळीच्या उघड्या तोंडापाशी, सुटलं.

त्याच दिवशी टेम्पो करून वरचा भाग पार्किंगमध्ये आणला. जुन्या गालिच्यावर पालथा घातला. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खुणा केल्या आणि पट्टीच्या टोकाकडचा स्क्रू पहिल्यांदा हातात घेतला. हे स्क्रू निघायला कुरकुरतात. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. तरीही हलेना तर सोल्डरिंगचं टोक त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवायचं. घाई केली की डोक्याची खाच झिजते आणि मग ड्रिल मारून काढण्यात दुपार जाते.

पहिला स्क्रू बाहेर आला तो वाकडा. दुसऱ्या कडेचा काढला, तोही वाकडा, उलट्या दिशेनं. त्याच्या आतला थोडा कमी वाकलेला. मधोमधचा सुतासारखा सरळ. सातही स्क्रू मी फरशीवर ओळीनं मांडले आणि काकांना बोलावलं. मीटर दाखवून, टक्के सांगून त्यांना जे पटलं नव्हतं ते त्या ओळीकडे बघून दोन क्षणांत पटलं. मधल्या स्क्रूपाशी लाकूड हललंच नाही, कडेला सगळ्यात जास्त हललं. लोखंड वाकवण्याइतकं.

पण खरी गंमत पुढे होती. भेगेच्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू एकेक करून सोडत होते. कडेकडचे निघाले, काही नाही. आतले सोडायला लागले आणि 'कट्ट' असा आवाज झाला. मदतीला असलेला पोरगा दचकून मागे सरला, त्याला वाटलं आणखी फाटलं. पेन्सिलच्या खुणा बघितल्या तर जवळ आल्या होत्या. पट्टी पूर्ण मोकळी केली. ६ मिमीचा बिट सोडा, आता २ मिमीचाही जाईना. भेग आपल्या पायांनी घरी आली होती. काकांचा मुलगा बराच वेळ वाकून बघत राहिला. पुट्टीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

उरलेली केसाएवढी भेग चिकटवणं हे मग साधं काम, पण त्यातल्या दोनचार गोष्टी घरी करणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून लिहिते. सागवानात तेल असतं, त्यामुळे फेविकॉल नीट धरत नाही. भेगेत सायकलचा पंप मारून धूळ काढली आणि बारीक ब्रशनं अ‍ॅसिटोन फिरवलं. (नेलपॉलिश काढायचं रंगीत, सुगंधी द्रव नको, साधं अ‍ॅसिटोन.) ते उडून गेलं की लगेच चिकटवायचं, उद्यावर ठेवायचं नाही, तेल पुन्हा वर येतं. एवढ्या बारीक भेगेत गोंद जाणार कसा? टोकाकडून एक पातळ पाचर हलकेच सारून भेग जराशी उघडी ठेवली, गोंद ओतला आणि दात साफ करायचा धागा भेगेतून वरखाली, करवतीसारखा ओढला. तो गोंद आत पार तळापर्यंत नेतो. एप्रिलच्या उन्हात फेविकॉलवर लगेच साय धरते, म्हणून हे सगळं सकाळी, ऊन चढायच्या आधी. आणि गोंद लावण्यापूर्वी क्लॅम्प (लाकूड दाबून धरायचे शिकंजे) एकदा कोरडे लावून बघितले होते. गोंद लावल्यावर क्लॅम्प कमी पडतोय हे कळणं म्हणजे आ बैल मुझे मार.

तीन फुटी क्लॅम्प सगळ्यांकडे नसतात. माझ्याकडे आहेत, पण पोराला दुसरी रीतही दाखवली. जमिनीवर एक जाड फळी टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना ठोकळे स्क्रूनं पक्के करायचे, कामाच्या रुंदीपेक्षा दीड-दोन इंच जास्त अंतर ठेवून. उरलेल्या जागेत दोन पाचरी एकमेकींच्या उलट सारायच्या आणि दोन्हीकडून हातोडीनं हलके ठोकायच्या. भाव नाही, भाडं नाही, दाब मात्र भरपूर. भेगेखाली दुधाची रिकामी पिशवी, म्हणजे गोंदानं लाकूड फळीला चिकटत नाही. वरच्या चांगल्या बाजूला भेगेच्या दोन्हीकडे मास्किंग टेप. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो, तो आवरावा. पाण्यानं पातळ झालेला गोंद रंध्रांत शिरतो आणि पॉलिश केलं की तिथे पांढुरका डाग उठून दिसतो. अर्धवट घट्ट झाला की पटाशीनं पापुद्र्यासारखा उचलायचा.

खरं काम त्यानंतरचं. पट्ट्या तशाच परत आवळल्या असत्या तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मधलं भोक होतं तसं ठेवलं, टेबलाचा मध्य एका जागी राहावा म्हणून. बाकीची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट केली: शेजारी दोन भोकं पाडायची आणि मधला पडदा गोल कानशीनं काढायचा. कडेची भोकं लांब, आतली कमी. स्क्रूखाली वॉशर, आणि आवळायचा तो वॉशर बोटानं जेमतेम फिरेल इतकाच. आता यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. जोडणी कुठल्या महिन्यात करताय ते बघा. एप्रिलमध्ये टेबल सगळ्यात आक्रसलेलं असतं, पुढे ते बाहेरच जाणार. म्हणून कडेचा स्क्रू भोकाच्या आतल्या टोकाला बसवला, बाहेरच्या बाजूला जागा मोकळी सोडून. हीच जोडणी ऑगस्टमध्ये केली असती तर उलट, बाहेरच्या टोकाला.

पायांच्या चौकटीलाही वरचा भाग स्क्रूनंच बांधलेला होता. तिथे चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडली आणि एल आकाराचे लाकडी ठोकळे बसवले. ठोकळ्याची जीभ खाचेत, ठोकळा स्क्रूनं वरच्या फळीला. फळी सरकली की जीभ खाचेत सरकते, पण वर उचलली जात नाही. ठोकळ्याच्या रेषा जिभेच्या लांबीला धरून हव्यात; आडव्या रेषांचा कापला तर पहिल्याच धक्क्याला जीभ तुटते. यात नवीन काही नाही. जुन्या वाड्यांच्या तावदानी दारांमध्ये चौकटीतली फळी अशीच खाचेत मोकळी असते, कुणी ती चिकटवलेली नसते. गावच्या सुतारालाही हे माहीत असणार. तो दारं तशीच करतो. पण त्यानं टेबल देवरुखच्या हवेसाठी बनवलं, पुण्याच्या नव्हे, आणि देवरुखात ते इतकं आक्रसलं नसतं.

खालची बाजू पाहिली तर कोरडी, पॉलिशचा थेंब नाही. ही चूक मोठमोठ्या दुकानातल्या फर्निचरमध्येही दिसते. वर चकाचक, खाली नागडं. मग ओलावा खालूनच येतो-जातो आणि फळी परातीसारखी वाकते. वरचं पॉलिश कशाचं ते बघायला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा धरला. चिकट झालं, म्हणजे लाखेचं. खालीही लाखेचे तीन हात दिले. फळ्यांच्या तोंडांना जास्तच पाजलं, कारण ओलावा सगळ्यात भराभर तिथूनच ये-जा करतो.

काकूंकडे त्याच झाडाच्या दोन फळ्या उरल्या होत्या, माळ्यावर एकावर एक ठेवलेल्या. त्यांना म्हटलं, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, पट्ट्या एकावर एक एका रेषेत आल्या पाहिजेत आणि भिंतीपासून जरा दूर. इंचभर जाडीला साधारण वर्षभर, असा ढोबळ हिशोब. मीटर विकत घ्यायची गरज नाही. त्याच फळीचा हातभर तुकडा तिच्याबरोबरच ठेवा आणि अधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरच्या हवेला आलं. काकूंनी तुकड्यावर तारीख आणि वजन लिहायलाच सुरुवात केली. काका म्हणाले, आता हिचं पण वजन इतक्या नेमानं होत नाही. काकू हसल्या नाहीत.

टेबल पोचवताना मी खालच्या पट्टीवर, वॉशरच्या कडेला लागून, पेन्सिलनं एक बारीक रेघ मारून ठेवली आणि काकांना सांगितलं की गणपतीच्या आधी खाली वाकून बघा. ऑगस्टमध्ये त्यांनी फोटो पाठवला. दोन्ही कडांचे वॉशर आपापल्या रेघेपासून बाहेर सरकले होते, दोन्हीकडचं मिळून दीड सुताच्या आसपास. भेगेची जागा कुठे होती हे फोटोत मला सापडलं नाही, त्यांना विचारावं लागलं. फोटोखाली मुलाचा प्रश्न होता: त्या उरलेल्या दोन फळ्यांचा बाक होईल का, आणि तो स्वतः करायचा म्हटलं तर भोकं किती लांब ठेवायची. मी त्याला फळ्यांच्या तोंडाचे फोटो मागितले आहेत. वर्तुळं आडवी आहेत की उभी, ते बघितल्याशिवाय काय सांगणार.